अनुभव : निरंक

१५ फेब्रुवारी १९८८

ही डायरी विद्यापीठाची, फुकट मिळालेली. प्रत्येक पानाखाली एक सुविचार छापलाय. तो खोडून त्या जागेत मी माझ्या दोन ओळी बसवणार.

आज रुजू झालो. हुद्दा : स्थानिक रोजगार सहायक. चार वर्षं ऐकतोय, "नामा वैतीचा रतन, वाड्यातला पहिला बी.ए., आणि बसलाय बंदरावर जाळ्यांची भोकं मोजत." आता बोला म्हणावं!

काम असं. आमच्या कोपरीच्या बाजूला, खाडीच्या कडेला विद्यापीठाच्या उपकेंद्राची तीन मजली इमारत व्हायचीय. विद्यापीठाने ठराव केलाय की कंत्राटदाराने शंभर माणसांत निदान तीस माणसं कोळीवाड्यातली आणि आसपासच्या मागास वस्त्यांतली घ्यायची. नुसती घमेली उचलायला नाही, त्यांना कसब शिकवायचं. आणि इमारत झाली की देखभालीसाठी त्यातलीच काही माणसं विद्यापीठात कायम करायची. ठराव इंग्रजीत आहे. मी दोनदा वाचला. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

उपकुलसचिव देवस्थळी साहेब म्हणाले, "वैती, तुम्ही त्यांच्यातलेच. तुमचं ऐकतील. योजना यशस्वी झाली तर तुम्हालाही कायम करता येईल."

घरी सांगितलं. आईने देवापुढे दिवा लावला आणि विचारलं, "म्हंजे नेमका काय करायचा तुना?" समजावून थकलो.

३ मार्च

गावकीच्या ओट्यावर बसून अर्ज भरले. सत्तावीस माणसं! पहिला अर्ज दामाजीनानांचा.

नाना म्हणजे माझ्या बाबांचे भागीदार. होडी दोघांची होती. बाबा गेले तेव्हा मी आठवीत. त्या दिवसापासून आजपर्यंत नानांची होडी लागली की त्यांची बायको मालूकाकी टोपलीत बाबांचा वाटा घेऊन आमच्या दारात येते. बोय असो, कोळंबी असो, नुसत्या निवट्या असोत. मेलेल्या माणसाचा वाटा तेरा वर्षं कोणी देत नाही. नानांनी दिला. त्याच्यावरच मी शिकलो.

म्हणूनच नानांचं भलं आधी व्हायला हवं. पन्नाशी आली, किती दिवस चिखलात उभं राहायचं?

नाना तयार नव्हते. म्हणाले, "माजा खुंट हाय खाडीत. त्याचा काय?" आमच्याकडे खाडीत प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. तिथे खुंट ठोकायचे आणि भरतीच्या तोंडाला जाळं बांधायचं. कागद नाही, पत्र नाही. नारळी पुनवेनंतर जो आपला खुंट नव्याने ठोकतो त्याची जागा. नाही ठोकला तर गावकी दुसऱ्याला देते. नानांची जागा सगळ्या खाडीत भारी, पाण्याला तिथे नेमकं वळण आहे.

मी म्हटलं, "नाना, विद्यापीठात कायम झालात तर पेन्शन आहे. खुंट पेन्शन देतो का?" लोक हसले. नाना पण हसले आणि त्यांनी अंगठा दिला.

अर्जात सहावा रकाना 'अनुभव'. नानांना विचारलं, तर म्हणतात, "खाडीचा." अहो, बांधकामाचा अनुभव विचारलाय! साहेबांनी बजावलेलं, रकाना रिकामा ठेवायचा नाही, काही नसेल तर 'निरंक' लिहा. सत्तावीस वेळा निरंक लिहिलं. माझं अक्षर शाळेपासून चांगलं आहे.

९ मार्च

ऑफिसात शीला म्हणून टायपिस्ट आहे, डोंबिवलीहून येते. जिभेला हाड नाही. अर्ज चाळून म्हणाली, "वैती, सत्तावीस माणसं आणि एकालाही काही म्हणता काही येत नाही? 'मासेमारी' तरी लिहायचं."

"बाई, इमारत बांधायचीय, मासे नाही पकडायचे."

"बरं बाबा," म्हणाली, "तुमचीच माणसं."

हिला काय कळतंय!

२२ एप्रिल

आपल्या लोकांचा राग येतो. कामाची वेळ आठची. नाना एक दिवस आठला, दुसऱ्या दिवशी पावणेनऊला, तिसऱ्या दिवशी साडेनऊला. पोपट मुकादमाने (हा कंत्राटदाराचा माणूस, सगळ्या मजुरांवर देखरेख याची) माझ्यासमोर तमाशा केला, "ह्ये तुमचं भूमिपुत्र! पार्टीला आल्यासारखं येत्यात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नानांना विचारलं तर म्हणाले, "रोज पानी निघायच्या टायमालाच निगतंय की मी." खाडीचं पाणी रोज पाऊण तास उशिरा सुटतं, आणि हा माणूस पस्तीस वर्षं त्या हिशोबाने उठतोय. मी माझं जुनं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं. नानांनी ते कानाला लावलं. "वाजतंय चांगला. पन पानी कुटं हाय ते सांगत नाय."

हसू आलं आणि रागही आला. पण सोमवारपासून बरोब्बर आठला येतायत.

१७ जून

कमाल झाली. पावसाने बांबूची परांची खिळखिळी झालेली. कंत्राटदाराची माणसं वर चढायला तयार होईनात. नाना खाली पाटी घेऊन उभे होते. सहज एका जोडाला हात लावला आणि म्हणाले, "ही गाठ कोनी मारली? मासा पन हसंल." मग स्वतः वर चढले. काथ्या ओला करून घेतला आणि जाळ्याच्या खुंटाला मारतात तशी गाठ मारत एकेक जोड नव्याने बांधत गेले. चार दिवसांत दोन मजल्यांची परांची बांधली. पोपट मुकादम तिच्यावर उड्या मारून आला आणि म्हणाला, "आयला, हाललं बी नाय."

आता सगळ्या साइटवर परांची नानाच बांधतात. ऊर भरून आला. योजना म्हणतात ती हीच!

पोपटला म्हटलं, नानांना कुशल कामगारात घाला. तो म्हणाला, "घातलं असतं की. पर अर्जात अनुभव निरंक हाय, तुमीच लिवलाय. कुशलचा दाखला लागतो." साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बघू, होईल. एवढ्यात कशाला घाई? माणसं मोजताना कुशल-अकुशल विचारत नाहीत." बरोबर आहे. होईल.

२५ ऑगस्ट

परवा नारळी पुनव. नाना रजा मागायला आले. पुनवेनंतरच्या दोन दिवसांत ओहोटी सगळ्यात खोल जाते, तेव्हाच खुंट ठोकता येतो. रविवार-सोमवार हवेत.

सोमवारी विद्यापीठाची समिती येणार! फोटोग्राफर येणार, साहेबांनी मला चारदा सांगितलंय, "तुमचा तो परांचीवाला वर दिसला पाहिजे." आणि ओहोटी लागणार ती नेमकी समितीच्या वेळेला.

"नाना, हा सोमवार सोडून काहीही मागा."

"पुनव सोमवारसाठी थांबत नाय रं पोरा."

मी सांगितलं, या एका दिवसावर तुमचं कायम होणं आहे. हे मी उगाच नाही म्हटलं, मला खरंच तसं वाटलं, अजूनही वाटतं. नानांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू सांगतंस ना? मंग ऱ्हातंय."

२९ ऑगस्ट

समिती आली. झकास! सकाळी बघतो तर साइटवर आपली चौपन्न माणसं. पोपटने कुठून कुठून आणलेली, पलीकडच्या मागास वस्तीतल्या सगळ्या बायका, दोन म्हातारे, कोणी सदरा इस्त्री करून आलेलं. मी म्हटलं, अरे वा, कंत्राटदाराला पण उत्साह आलाय. समितीच्या बाईंनी एका पोरीच्या हातात थापी देऊन फोटो काढून घेतला. "ही गवंडीकाम शिकतेय का?" म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. शिकेल पुढे.

नानांचा फोटो वर तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर. फोटोग्राफर ओरडत होता, "इकडे बघा, बाबा, इकडे!" नाना खाडीकडे बघत होते. पाणी पार आटलेलं, दुसऱ्या घरांची माणसं कमरेइतक्या चिखलात खुंट ठोकत होती. शेवटी मला वर बघून ओरडावं लागलं.

३० ऑगस्ट

आज साइटवर आपली एकोणीस माणसं. पोपट म्हणतो, काम कमी झालं.

साहेबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "वैती, अहवालात 'कामावर आलेले स्थानिक' असा शब्द आहे. जो एकदा कामावर आला, तो आला." शीलाने टाइप करताना माझ्याकडे एकदा पाहिलं.

११ सप्टेंबर

आज अमावास्येची गावकी. नानांच्या जागेचा विषय निघाला. भिवाजीने मागणी केली होती. त्याची जागा उथळ, दोन पोरी लग्नाच्या, त्याचं चुकलं असं नाही. तरी पाटील म्हणाले, दामाजीने पस्तीस वर्षं जागा राखलीय, या पुढच्या उधाणाला ठोकू दे, थांबू आपण.

मला राहवलं नाही. मी उभा राहिलो. पहिल्यांदाच गावकीत बोललो. म्हटलं, "दामाजीनाना आता विद्यापीठाचे माणूस आहेत. वर्षभरात कायम होतील. मग जागा उगाच का अडवायची? गरजवंताला द्या. आपल्या समाजाने पुढे जायचं की खुंटालाच बांधून घ्यायचं?"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. भिवाजीने माझे हात धरले.

नाना उठून एवढंच म्हणाले, "नामाचा पोर बोलला. आता मी काय बोलू."

घरी आलो तर आई भाकऱ्या थापत होती. तिला कोणीतरी आधीच सांगितलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जागा तुजी होती काय रं?" मी म्हटलं, तुला कळत नाही यातलं.

२० डिसेंबर

सुक्या मासळीवर चाललंय. नानांची होडी बंदरावर उपडी पडलीय, वाटा कुठून येणार? मालूकाकी वाटेत भेटली तरी रिकाम्या हातानं भेटायला लाजते. तिने लाजायचं काय कारण? मीच म्हटलं, "काकी, थोडे दिवस. मग नानांचा पगारच सुरू होईल कायमचा." काकी म्हणाली, "व्हय रं बाबा. तू हायेस म्हनून धीर हाय."

अहवालाची छापील प्रत आली. पहिल्याच पानावर नाना. खाली ओळ : 'प्रशिक्षित स्थानिक कामगार'. एक प्रत त्यांना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नाही, पण फोटोतली परांची बोटाने तपासून म्हणाले, "डावीकडची तिसरी गाठ माजी नाय."

६ एप्रिल १९८९

तिसरा मजला झाला. साइटवर आपली नऊ माणसं उरलीत. अहवालात एकशे बारा.

मी हल्ली साइटवर कमी जातो. ऑफिसात काम फार असतं.

४ सप्टेंबर

देखभाल विभागाच्या चार कायम जागांची जाहिरात निघाली! सगळ्यात आधी नानांकडे धावत गेलो. काकीने गूळ दिला हातावर.

मग नीट वाचली. 'संबंधित कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आवश्यक.'

काहीतरी मार्ग निघेल. साहेब आहेत.

११ सप्टेंबर

साहेबांसमोर उभा राहिलो. म्हटलं, ठरावात लिहिलंय त्यांनाच घ्यायचं. साहेबांनी ठराव मागवला, चष्मा लावला, म्हणाले, "'शक्यतो' असं लिहिलंय, वैती. 'पात्र असल्यास' असंही लिहिलंय. तुम्ही वाचलात ना?"

मी दोनदा वाचला होता.

म्हटलं, साहेब, अख्खी इमारत ज्या परांचीवर उभी राहिली ती त्या माणसाने बांधलीय. साहेबांनी फाइल काढली, नानांचा अर्ज माझ्यासमोर ठेवला. सहावा रकाना. माझं सुंदर अक्षर. "हे तुम्ही भरलंय. आता मीच हे खोडलं तर लेखापरीक्षक मला विचारतील. कामावरचं दीड वर्ष धरलं तरी ते अकुशल म्हणून. माझा नाइलाज आहे."

मग चहा मागवला. खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचं मात्र झालंय. कायम. पत्र पुढच्या आठवड्यात. अभिनंदन."

चहा प्यालो मी. काय करणार होतो? तोंडावर फेकणार होतो?

जिन्यात शीला भेटली. म्हटलं, "तू तेव्हाच का नाही भांडलीस माझ्याशी?" ती म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही मासे पकडायचे नाहीत म्हणालात."

२३ सप्टेंबर

नानांना सांगितलं. बारा दिवस लावले मी सांगायला, लिहून ठेवतो. कारण सांगितलं की दाखला नाही म्हणून अडलं. रकान्याचं नाही सांगितलं. नानांना वाचता येत नाही याचा मला आज आधार वाटला. थू आहे माझ्यावर.

नाना बंदरावर होडीच्या फटी बघत होते. दीड वर्ष उन्हात पडून लाकूड उकललंय, बोट जातं आत. म्हणाले, "म्हंजे विद्यापीठाला म्हाईतच नाय, मना काय येतं ते?"

"नाही, नाना."

"तुना तरी म्हाईत होता."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. च्यायला, दोन कानाखाली मारल्या असत्या तरी चाललं असतं.

७ ऑक्टोबर

उद्‌घाटन परवा. परांची सोडवायची होती आणि ती कोणालाच सुटेना! गाठी अशा मारलेल्या की ओढाल तशा आवळतात. पोपटची माणसं कोयते घेऊन काथ्या कापायला निघाली तर बांबू कोसळायची भीती. शेवटी पोपटने मला पाठवलं, नानांना बोलवायला. मलाच!

आले. मला वाटलं नव्हतं येतील. वरपासून खालपर्यंत एकेक गाठ बोटाने सोडवत उतरले. काथ्या वाया जाऊ नये म्हणून गुंडाळून कमरेला बांधत होते. दुपारपर्यंत इमारत मोकळी झाली, पांढरी स्वच्छ. देवस्थळी साहेब गाडीतून उतरून बघत म्हणाले, "वा! कुठे खूणही राहिली नाही."

नानांनी काथ्याची गुंडाळी पोपटच्या हातात दिली, मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि गेले.

उद्‌घाटनाचं निमंत्रण त्यांच्यासाठी मी मागून घेतलेलं. ते माझ्या खिशातच राहिलं.

१९ ऑक्टोबर

दोन गोष्टी.

पहिली, माझी नवी ऑर्डर. विठ्ठलवाडीच्या बाजूला विद्यापीठाचं वसतिगृह व्हायचंय. तिथेही हीच योजना, आणि माझ्या 'यशस्वी अनुभवामुळे' जबाबदारी माझ्यावर. शीलाने नव्या अर्जांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. सहावा रकाना तसाच आहे. मी साहेबांना म्हटलं, 'अनुभव'च्या जागी 'येत असलेली कामे' असं छापूया. ते म्हणाले, अर्ज छापून झालेत, पाच हजार. पुढच्या वेळी बघू. सोमवारी तिथल्या वस्तीत पहिली बैठक. काय बोलायचं ते लिहून काढायला बसलो. पहिलंच वाक्य आलं ते असं : आमच्या कोपरीला दामाजी नावाचे एक कामगार होते. ते खोडलं. दुसरं सुचेना. मग तेच परत लिहिलं.

दुसरी. संध्याकाळी घरी आलो तर दारात टोपली. आतमध्ये कोळंबी, दोन मुठी असेल.

मला वाटलं भिवाजीने पाठवली. आई म्हणाली, "मालू देऊन गेली." नाना आता भिवाजीच्या होडीवर खलाशी म्हणून जातात. त्यांच्याच जागेवर, भिवाजीच्या खुंटाला, दुसऱ्याचं जाळं ओढतात. आज पहिला दिवस होता.

मी म्हटलं, "एवढीशी?"

"खलाश्याला काय होडीचा वाटा मिलतं? चार मुठी मिलतं. त्यातली अर्धी नामाची म्हनून आनली."

"परत दे. आत्ताच्या आत्ता परत दे, आई. मला नको."

आईने टोपली उचलली. मग म्हणाली, "ती तुजी कवा होती? तुज्या बापाची हाय. परत करायची तर तू जा, दामाजीच्या दारात जाऊन परत कर. जातंस?"

मी चपला घातल्या. उंबऱ्यापर्यंत गेलो. नानांचं दार आमच्या दारापासून वीस पावलांवर आहे, उघडं होतं, मालूकाकी भांडी घासत होती. मी तिथेच उभा राहिलो. मग चपला काढल्या.

आईने कोळंबी निवडली, आमसूल घातलं. कालवण चांगलं झालं होतं. मी जेवलो.